डाव्या कानामागची खळी

नाकानोला पहाटे चारला पोचलो, तरी माझ्यापुढे अकराजण.
फेब्रुवारी. घडीची खुर्ची, थर्मास, गुडघ्यांवर पांघरूण.
वय एकाहत्तर. धंदा : दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभं राहणं.
तासाला बाराशे येन,
चिठ्ठी लागली तर वर पाच हजार.

वीसच आहेत म्हणे.
जगभरात मिळून वीस,
आणि रांग गल्लीतून वळून पार भाजीवाल्याच्या शटरपर्यंत.
मागचा पोरगा ओसाकाहून रात्रीच्या बसने आलेला,
फोनवर चित्र दाखवतो :
तीन शिंगं, बेडकाचं पोट,
तोंडात पाणी धरल्यासारखे गाल.

ओळखलाच.
कात्सुशिकाच्या कारखान्यात आम्ही ह्याला गालफुग्या म्हणायचो.

पोरगा सांगतो, आजोबा, साचा अस्सल आहे, तांब्याचा,
कुठल्याशा गोदामात गंजक्या सायकलींखाली सापडला.
मी म्हणतो, असं होय.
हे म्हणत नाही, की त्या साच्यात पातळ व्हिनाइल ओतून,
तापल्या तेलात बुडवून, उरलेलं उलटं करून, पुन्हा बुडवून
मीच ओढायचो त्याला बाहेर
चिमट्याने मानेची कड धरून.
गळ्याएवढ्या भोकातून आधी ते गाल,
मग शिंगं, एकेक, कुरकुरत,
आणि सुटला की टुपकन फुगून आपल्या आकारात बसायचा,
जन्मल्या जन्मल्या रुसलेला.

दिवसाला चारशे डोकी.
मोजायचो, पण मजुरीपुरती.
पोरं त्याला आंघोळीच्या टबात बुडवायची,
दातांनी चावायची, कुत्र्याशी झोंबवायची.
शाळा सुरू होईतो एखादं शिंग गेलेलंच असे.
कोणी रडलं तर दुसरा आणा. दुसरा असायचाच.

'खरी खूण माहितीये?' पोरगा आवाज खाली आणतो.
'डाव्या कानामागे तांदळाएवढी खळी.
ती नसेल तर नक्कल.
जाणकार म्हणतात, घडवणाऱ्याने मुद्दाम ठेवली,
सहीच्या जागी.'

मी चहा ओततो. थोडा सांडतो.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. हात तेलकट.
साचा निसटला, फरशीवर आपटला,
कानामागे पोचा पडला.
शिनोझाकी मालकांनी तो उजेडात फिरवून पाहिला,
माझ्या पगारातून तीनशे येन कापले
आणि म्हणाले, राहू दे,
पोरं कुठे कानामागे बघतात.

दहाला चिठ्ठ्या निघाल्या. मला सतरावा.
पोरग्याला काही नाही. तो हसला, मान लववली,
बस रात्रीची होती, दिवस कुठे काढायचा ते फोनात शोधू लागला.
मला त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं.
खिशात संत्रं होतं, तेच दिलं.

स्टेशनच्या दाराशी कोगासाहेब उभे होते, पांढरे हातमोजे घालून.
पिशवी न उघडता, बाहेरूनच
बारका टॉर्च लावून त्यांनी कान शोधला,
खळी शोधली,
श्वास सोडला.
म्हणाले, ह्याला प्रकाश लागू देणार नाही.
पाकीट दोन्ही हातांनी दिलं मला.
माझ्या अंगठ्यावर तेलाने भाजल्याचा डाग आहे, जुना.
तो त्यांनी पाहिला नाही. का पाहावा?

घरी फुमिए मुळा किसत होती.
लग्नाआधी ती ह्याचेच डोळे रंगवायची,
जोडीला दीड येन,
आणि घाईत डावा डोळा हमखास नाकाकडे जायचा.

म्हटलं, आज आपला गालफुग्या भेटला.
मोठ्या घरी पडला. उन्हाचं नखसुद्धा लागायचं नाही त्याला.

तिने किसणी थांबवली नाही.
'डोळे?'

सरळ, म्हटलं. दोन्ही अगदी सरळ.

'मग तो आपला नव्हे,' ती म्हणाली,
आणि मुळ्याचं पाणी पिळून काढलं.