सहा ते नऊ महिने

'सहा ते नऊ महिने राहतं,' औंधची डॉक्टर म्हणाली होती,
'मग शरीर आपोआप शोषून घेतं.'
पुढचं काही मी विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच : हप्ते पडतील का?

त्या वर्षी शाखेत दोन नव्या मुली लागल्या होत्या
आणि काउंटरपलीकडून रोज कुणीतरी म्हणायचं,
'मॅडम, बरं नाही का?'
मला बरं होतं.
गाल तेवढे रजेवर गेले होते.

याला अकरा वर्षं झाली.

परवा दाढेचं निमित्त झालं.
रूट कॅनालनंतर आठव्या दिवशी
डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ, गरम.
दाढ डावी, गाठ उजवी.
दातांचा डॉक्टर म्हणाला, हे माझं नाही.

कर्वे रस्त्यावरच्या तळघरात एमआरआय.
काळ्या फिल्मवर दोन पांढरी डबकी,
जिथं टोचलं होतं तिथून
चांगली बोटभर खाली उतरलेली.
खळदकर नावाचा कोवळा डॉक्टर :
'काकू, इथं कधी काही भरून घेतलंय?'
श्रीनिवाससमोर.

'नाही,' मी म्हटलं.
श्रीनिवासनं फिल्म उजेडाकडे धरली
आणि विजेचं बिल वाचतात तशी
खालून वर वाचली.

आधी चौदा दिवस गोळ्या. मग विरघळवता येईल.
'पण ते इंजेक्शन
तुमचं आणि घातलेलं फार निवडत बसत नाही.
थोडं तुमचंही जाईल.'
माझं म्हणजे नेमकं कुठलं,
हे त्याला कसं विचारायचं?
अकरा वर्षं मी हाच चेहरा धुतेय,
पासबुकावर हाच, आधार कार्डावर हाच,
आई गेली तेव्हा रडला तोही हाच.

परतताना स्कूटर मी चालवत होते.
नळ स्टॉपच्या सिग्नलला आम्ही सगळ्या
स्कार्फ गुंडाळलेल्या, नुसते डोळे,
कुणाच्या गालाचं कुणाला काही नाही.
स्कार्फखाली गाठ ठणकत होती.

मागून श्रीनिवास म्हणाला, 'किती घेतले होते तेव्हा?'
'अठ्ठावीस हजार.'
तो आकडे मोजतोय असं वाटलं.
सिग्नलचे सत्तावीस सेकंद उरले होते.

'त्या वर्षी मला वाटलं होतं,' तो म्हणाला,
'तू जरा खूश असतेस हल्ली.'

हिरवा लागला.
मागच्यानं हॉर्न दिला,
पुन्हा दिला.