सत्तरचा बाप

आमच्याकडे पाण्यालाही बाप असतात.
कालव्यातून निघतो तो पाट अबू इश्रीन, विसाचा बाप.
त्यातून फुटते ती सारणी अबू सित्ता, सहाचा बाप.
आणि वाफ्यात उभी राहते ती चाऱ्याची ज्वारी
अबू सबईन. सत्तरचा बाप.
सत्तर दिवसांत कापणीला येते म्हणून.
माझ्या पोरांचा बाप मात्र
समुद्रापलीकडे, अल-खर्जच्या गोठ्यांवर कामाला.
तो कधी येईल
ते कुठल्याच आकड्यात बसत नाही.

फोनवर आधी गायीची चौकशी, मग माझी.
"इथं वाळवंटात हिरवी गोल शेतं," सांगतो,
"लोखंडी हात फिरतो, पाऊस पाडतो.
गायींना नावं नाहीत, कानात नंबर."
मी सांगते, पाटात गुडघाभर गाळ साचलाय,
आणि कम्रा सहा रत्तलांवरून चारवर आलीय.

चोविसाव्या दिवशीही पाणी नव्हतं.
ज्वारीनं पानांच्या सुरळ्या करून घेतल्या.
रात्री पाळी माझी. फावडं आडवं टाकून
बांधावर बसले डासांना रक्त देत,
बसल्या बसल्या डोळा लागला.
जाग आली ती चघळण्याच्या आवाजानं.

दावं तोडून कम्रा वाफ्यात.
गुडघ्याएवढं कोवळं, तहानलेलं पीक,
जे हिरवं दिसतं आणि जहर असतं.
फावड्याच्या दांड्यानं मारलं मी तिला,
जिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.
म्हातारा हमद-अन-नील कंदील घेऊन धावला.
"किरळ लागलीय. साखर आण. असेल तेवढी."
आठवड्याच्या चहाची साखर घागरीत ढवळली,
बाटलीनं तिच्या घशात ओतली.
अंग थरथरत होतं. तोंडाला फेस.
बरगड्यांवर हात ठेवून मी तिचे श्वास मोजले,
सत्तरच्या पुढे गेले, पुन्हा एकपासून.

पहाटे कधीतरी पाणी आलं, माझ्यावाचून.
अबू सित्ताचा बांध फोडून
शेजाऱ्याच्या भुईमुगात शिरलं.
मी उठले नाही.
उजाडताना कम्रानं ढेकर दिली
आणि सावकाश रवंथ करू लागली.

"गाय कशी आहे?" शुक्रवारी त्यानं विचारलं.
"खातेय," म्हटलं.
"आणि तू?"
"चहा बिनसाखरेचा पितेय हल्ली."
तो घाबरला. म्हणाला, डॉक्टरला दाखव.

पासष्टाव्या दिवशीच विळा घातला मी.
पाच दिवस थांबायचं होतंस, हमद-अन-नील म्हणालाच.
पण ताटं डोक्यावरून गेली होती,
आणि त्यांच्यात वारा शिरला की
अंगणात कुणी आल्यासारखं वाटायचं.
गाडीभर पेंढ्या बांधल्या. निम्म्या बाजाराला,
निम्म्या तिला. पहिली पेंढी पुढ्यात टाकली
तर ती हुंगतच राहिली बराच वेळ,
माझ्या हातांकडे बघत.
तोवर गाडीच्या गाढवानं मान वळवून
मागच्या पेंढीची गाठ सोडवायला घेतली होती.