ओळ क्रमांक पस्तीस

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
सहकारनगरात, घोसाळकरांच्या गच्चीवरच्या खोलीत
आम्ही सातजण जमतो. चपला बाहेर,
कारण धूळ आणि फ्लॉपी यांचं वैर
घोसाळकर दर वेळी नव्यानं समजावतात.

इम्तियाज मोमीननं जुन्या बाजारातून
अडीचशेला बीबीसी मायक्रो उचललाय.
"भंगारवाला म्हणाला, टाइपरायटर आहे, फक्त कागद जात नाही."
फ्रेनीबाई कँपातून रिक्षानं येतात,
मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला कमोडोर.
रिक्षावाला विचारतो, बाळ किती महिन्यांचं?
"एकेचाळीस वर्षांचं. अजून गळतं."

मग गळक्या कपॅसिटरांवरून वाद. तपकीर गल्लीत
खरा माल कुठल्या दुकानात मिळतो, या मुद्द्यावर
आमच्यातल्या दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं.

मी पिशवीतून स्पेक्ट्रम काढते.
बटणं रबरी, बोटाला जुन्या खोडरबरासारखी लागणारी.
घोसाळकरांचा नातू विचारतो, मेमरी किती?
अठ्ठेचाळीस के.
के म्हणजे?
तुझ्या मोबाइलातल्या मांजरीचा
एक कानही यात मावणार नाही, मोमीन सांगतो.

वडिलांची स्कूटर मावली होती.

चेतकचा नंबर लागायला नऊ वर्षं गेली.
लागला, तसा त्यांनी तो 'ऑन' घेऊन विकला
आणि हे पाटीएवढं काळं यंत्र घरी आणलं.
आई दीड महिना "वाढलंय" एवढंच बोलली.
ते खडकीच्या कारखान्यात बसनं जात राहिले,
यंत्राला कधी हात लावला नाही.
"ते मुलांचं."

असं मी चाळीस वर्षं समजत होते.

माळा आवरताना ही कॅसेट निघाली.
वर 'नाट्यसंगीत' लिहून खोडलेलं,
खाली त्यांच्या तिरप्या अक्षरात: हिशेब.

जे दाबलं की लोड. अवतरणचिन्ह दोनदा.
टेप सुरू. तो आवाज,
रातकिड्याला कुणी पाढे शिकवत असल्यासारखा.
टीव्हीच्या कडांनी लाल-आकाशी पट्टे,
मग पिवळे-निळे, पळत्या काठासारखे.
पुण्यात सात माणसं एका खोलीत
मत न देता बसतात, ती ही पाच मिनिटं.

टेप लोडिंग एरर.

पुन्हा. पुन्हा एरर.
मोमीन बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकतो,
हेडचा स्क्रू पाव आटा फिरवतो,
तंबोरा लावताना धरावा तसा कान धरून.
अजून थोडा. "आता लाव."

आलं.
दहा, वीस, तीस, चाळीस.
दहा-दहाचं अंतर सोडून लिहायचं असतं,
मागाहून काही सुचलं तर जागा असावी म्हणून.
हे त्यांना कुणी सांगितलं?
माझंच पुस्तक असणार, मी झोपल्यावर.

इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द: पगार, भाडे, बचत.
पुन्हा नंबर लावला तर स्कूटर कधी येईल, त्याचं गणित.
आणि तीस नि चाळीसच्या मधे
मागाहून घुसवलेली पस्तीस:
बचत = बचत + भिशी

भिशी आईची. खालच्या सातपुतेबाईंकडे.
वडिलांना तिचा पत्ता नाही
असा घरात सगळ्यांचा समज.

म्हणजे त्या दीड महिन्यातली एखादी रात्र,
टीव्हीचा आवाज शून्यावर,
ती पाठीमागे उभी, पदराला हात पुसत:
"हे धरलंत का?"

रन. पडद्यावर १९९८.
"अठ्ठ्याण्णवला आली मग?" फ्रेनीबाई विचारतात.
नाही. तोवर चेतक शोरूममध्ये ओळीनं उभ्या होत्या,
कुणाचा नंबर लागायचा राहिला नव्हता,
आणि वडील ज्येष्ठांचा पास काढून
उगाच स्वारगेटपर्यंत जाऊन यायचे.

घोसाळकर पडद्यावर बोट ठेवतात.
"भाववाढ धरलेली नाही. छत्तीसवर टाका."
जागा आहे. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.
मी हात मांडीवर ठेवते.
चहावर साय धरते.
पडद्याच्या तळाशी एक अक्षर उघडझाप करत राहतं,
आणि नातू हळूच विचारतो,
हाच का तो के?