ब्रशची जाडी

कन्ना चौकाच्या अलीकडं, जिन्याखाली माझं दुकान.
पाटीवर डिजिटल फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन.
आत मी, एक दमेकरी कॉम्प्युटर
आणि सोलापूरच्या उन्हानं बधिर झालेला पंखा.

यल्लूबाई गुर्रम मोबाइल पुढं करते.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास,
नखं विड्यांची तोंडं दुमडून दुमडून झिजलेली.
"ह्यो एकच हाय ओ फोटो त्येंचा.
पेंटिंगवानी करून द्या.
ब्यांकेत सायबाच्या मागं लावलेलं असतंय बघा, तसलं."

फोटोत राजमल्लू.
मागापाशी उभा, मान अर्धी वळलेली,
कुणीतरी हाक मारली म्हणून.
त्या खटखटाटात ती त्याला ऐकू कशी आली
देव जाणे.

आधी मूळ फोटोची नक्कल बाजूला ठेवतो.
(एकदा एका नवरीचं नाक कायमचं घालवलं होतं मी,
तेव्हापासूनची सवय.)
मग फिल्टर : तैलरंग.
ब्रशची जाडी आठ.
पट्टी उजवीकडं सरकवतो तसा
ट्यूबलाइटचा उजेड लोण्यासारखा पसरतो,
मागाचं लोखंड वितळून जांभळं होतं,
भोकाभोकांचा बनियन बघता बघता मलमल.
"काय करलालाव ओ?" ती विचारते.
"रंगवलालोय," मी म्हणतो.
खरं तर मी नुसता एक बोट हलवत असतो.

पाच मिनिटांत राजमल्लू
कुठल्याशा दरबारातला सरदार.
दीडशे रुपये, फ्रेमचे वेगळे.

ती लांबून बघते. जवळून बघते.
"चांगलं झालंय," म्हणते
आणि मग बराच वेळ काही म्हणतच नाही.
"पण दूदी कुठं गेली?"

दूदी.
भुवयांवर, मिशीत, कानाच्या पाळीवर
बसलेला कापसाचा भुगा.
"उंबऱ्यात डोकं झाडूनच यायचे,
तरी ताटात पडायची. किती भांडले मी."
एक्स-रे खिडकीकडं धरून डॉक्टरनं दाखवलेली
छातीतली दूदी,
तिच्याबद्दल ती बोलत नाही.
मीही विचारत नाही.

मशीनला तो नॉइज वाटला होता.
अंधारात काढलेल्या फोटोवर येतो तसला, चरचरीत.
आवाजालाही हाच शब्द आहे म्हणे.
मशीननं एका फटक्यात दोन्ही काढून टाकलं
आणि चेहरा असा गप्प केला
की हाक मारली तर वळायचा नाही.

फिल्टर रद्द.
ब्रशची जाडी एक.
रंग पांढरा नाही,
चार धुण्यांनंतरच्या टॉवेलचा.
एक-एक तंतू ठेवत जातो,
उजव्या भुवईवर, मिशीच्या टोकाला.
दीडशे रुपयांत न बसणारं काम.
मध्येच लाइट जाते, यूपीएस बोंबलतो,
मी घाईनं सेव्ह करतो.

"हितं एक राहिली," ती म्हणते
आणि डाव्या भुवईवर बोट टेकवते.

बोट निघतं. खाली एक तपकिरी कण.
हा कुठला रंग सांडला म्हणून
मी इरेझर घेऊन घासतो,
मोठा करून घासतो,
लेअर बंद करून बघतो.

जात नाही.
काचेवर होता.