टाच

डाग आधी मीच पाहिला.
चाळीस वर्षं खानापूरचा चिखल तुडवलेली टाच,
तिच्यावर काळं काही दिसलं तर दचकायचं कुणी?
दगडानं घासला. वजरीनं घासला.
गाळ निघाला, डाग राहिला.
हे म्हणाले, बाभळीचा काटा असेल,
फिरेल आणि निघेल आपला आपण.

काटा फिरला तो जांघेपर्यंत.

बेळगावात किल्लेदार डॉक्टरीणबाईंनी
टाच कापली, जांघेतली गाठ काढली.
म्हणाल्या, कातडीचाच कॅन्सर, पण उन्हाचा नव्हे,
लाखात एखाद्याला, तोही असा तळव्याखाली लपून.
"लाखात एक?" हे म्हणाले.
"लॉटरी कधी लागली नाही, ती इथं लागली होय!"

गाठ फेकायची नव्हती, हे मला उशिरा कळलं.
तिच्या आत ह्यांच्याच रक्तातल्या पेशी होत्या,
ज्यांनी चोर ओळखला होता,
घरात शिरल्याही होत्या
आणि तिथंच दमून बसल्या होत्या.
त्यांना वेचायचं, थंड पेटीतून बंगळूरला धाडायचं,
चारून वाढवायचं, कोटींनी,
मग ह्यांच्याच शिरेत परत सोडायचं.
"म्हणजे विरजण," मी म्हटलं.
बाई हसल्या. "विरजणच. पण लागेलच असं नाही."

संमतीचा कागद कानडीत आणि इंग्रजीत.
नर्स निंगव्वा एकेक ओळ मराठीत सांगत गेली.
जिवाच्या धोक्याची ओळ आली
तेव्हा ती तिनं कानडीतच वाचली, हळू,
जणू त्या भाषेत ती कमी लागेल.
"भरमाण्णा, इथं सही."
शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले,
बघा, सीमाभागातलं दुखणं,
आपलं कोण, परकं कोण, अंगालाच उमजेना.
हे उठून बसले.
"मास्तर, गाठीला सीमाबिमा म्हणू नका.
माझ्या आव्यात लाकूड लोंढ्याचं, गिऱ्हाईक धारवाडचं.
मडकं फुटतं ते कच्चं राहिल्यानं."

मग बावीस दिवस.
शेवटी अंग रिकामं करायचं औषध:
उशीवर केस, तोंडात फोड,
नव्या पाहुण्यांना जागा हवी म्हणे.
मी काचेबाहेर. हातानंच विचारायची, जेवलात?
ते हातानंच सांगायचे, पेज.

पिशवी आली तेव्हा डब्यातून वाफ निघत होती, गार वाफ.
केवढीशी पिशवी, ताकाच्या निवळीसारखी.
खोलीभर शिळ्या लसणाचा वास.
अर्ध्या तासात संपलं. एवढंच?

दुसऱ्या औषधानं रात्री आवा पेटला.
दात वाजत होते, खाट वाजत होती,
ताप एकशेचार,
आणि त्या तापातही ओरडले,
"वरनं राख टाक, जाळ बाहेर येऊलालाय!"
निंगव्वानं ओली पट्टी टाकली.
राख कुठून आणायची?

तीन महिन्यांनी फोटो काढला.
फुप्फुसातल्या दोन गाठी दिसल्या नाहीत.
यकृतातली एक आहे तशीच,
वाढली नाही, आटली नाही.
बाई "बरे झालात" म्हणाल्या नाहीत. "बघू" म्हणाल्या.
आमच्या घरात हा शब्द जुना.
आवा उघडेपर्यंत किती मडकी साबूत
हे कुंभार बोलत नाही.

काल खाटेवरून म्हणाले, माती भिजून पडलीय, वाया जाईल.
त्यांच्या टाचेला आता मांडीच्या कातडीचं ठिगळ,
गुळगुळीत, लाजल्यासारखं. चिखलात नको.
मी राख चाळायची, मडकी उन्हात मांडायची,
तुडवणं मात्र कायम त्यांचं.
लुगडं वर खोचलं. पाय घातला.
गार. आत मुळं, खडे, एक बांगडीचा तुकडा.
"बोटांनी नव्हं," ते म्हणाले, "टाचंनं दाब. टाचंनं."

रात्री पाय धुतले.
दिव्याखाली तळवे वळवून पाहिले,
आधी माझे दोन, मग त्यांचा उरलेला एक.
माझ्या टाचेवर काळं होतं काहीतरी.
वजरी घेतली.
निघालं.