हातचा एक

वाऱ्याला रात्र कळत नाही.
पहाटे दोनला, सगळं होल्मवाग झोपलेलं असताना
कड्यावरच्या अकरा पवनचक्क्या दळत सुटतात
आणि पीठ न्यायला डबा घेऊन कोणीही येत नाही.
मग ती वीज माझ्याकडे येते.

मी तोर्दिस. टाक्यांवर रात्रपाळी.
सहा टाक्या, चार पंप,
आणि इंग्वार, जो कॉफी पातळ करतो आणि झडपांशी बोलतो.
टाक्यांत आम्ल, तीनमध्ये टायटॅनियम विरघळलेलं.
रिकामं असलं की पाण्यासारखं निवळ,
वीज पोटात गेली की जांभळं.
जांभळं म्हणजे कसं, तर
ब्लूबेरी तोडून आलेल्या पोरानं हात धुतल्यावर
बादलीत उरतं तसं.
पहिल्या धुण्याचं. दुसऱ्या नव्हे.

इंग्वारला मी शाळेतल्या गणितासारखं समजावलं:
हा चार असतो. याला हातचा एक मिळतो.
"मग पाच," इंग्वार म्हणाला.
नाही रे, इथली बेरीज उलटी.
चाराला एक मिळाला की त्याचे तीन होतात,
आणि तो हातचा कुठे लिहायचा नसतो,
बोट मुडपून नुसता धरून ठेवायचा.

धरणं सोपं नाही.
वर नायट्रोजनची गोधडी घालावी लागते.
नोव्हेंबरात एक वॉशर सरकला,
हवेनं एक घोट घेतला, मग दुसरा,
सकाळपर्यंत तिसरी टाकी फिकी.
एवढा वारा गेला,
एक दिवासुद्धा लागला नाही त्यात.
इंग्वार दोन दिवस झडपांशीही बोलला नाही.

माझा बाप, अस्लाक, एकतीस वर्षं खाणीत होता.
काळा दगड. तो फोडायचा, दळायचा, बोटीवर चढवायचा,
दूर कुठेतरी त्याचा पांढरा रंग व्हायचा
आणि डब्यांतून परत गावात यायचा.
दर तिसऱ्या उन्हाळ्यात बाप शिडीवर चढून
आमचं घर त्यानं रंगवायचा, आणि उतरून म्हणायचा,
"माझाच दगड, आणि मलाच विकत."

जानेवारीत वारा पडला.
चार दिवस धुकं. पात्यांवर समुद्रपक्षी बसून राहिले.
पाचव्या संध्याकाळी बाप काठी टेकत आला,
बूट झटकले नाहीत, नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"दाखव."

मी काचेपाशी नेलं. नळीतून जांभळं वाहत होतं.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"हे आतच होतं?"
आतच होतं.
"कोणी सांगितलं नाही."
मग पलीकडच्या टाक्यांकडे काठी: "आणि ते पिवळट?"
ते लोखंड. त्याच दगडातलं.
"त्याला आम्ही गाळ म्हणायचो," तो म्हणाला,
आणि बराच वेळ तिकडे पाहिलं नाही.

मधे कागदाएवढा पडदा.
एका दगडातली दोघं, दोन बाजूंना.
एकमेकांत मिसळायचं नाही;
जे द्यायचं ते तारेनं,
लांबच्या वाटेनं, गावातून फिरून.

साडेपाचला गाव जागं झालं, म्हणजे
शाळेतून, बोटीवरून घरी आलं.
शेगड्या. फेरीच्या धक्क्यावरचं चार्जर.
पंपांचा आवाज खाली उतरला, जाड झाला.
काचेतलं जांभळं पातळ होऊ लागलं,
मग दुसऱ्या धुण्यासारखं,
मग नुसता संशय.

"संपतंय," बाप म्हणाला.
संपत नाही. जातंय.
"कुठे?"

खिडकी धुक्यानं भरलेली. मी बाहीनं पुसली.
खाडीच्या त्या बाजूला रागनफ्रिडच्या स्वयंपाकघरात
दिवा होता, आणि दिव्याखाली
ती मासा साफ करत असावी, किंवा काहीच करत नसावी.
इंग्वारनं कपातून मान वर केली:
"हातचा," तो म्हणाला, "पुढच्या घरात."

बाप हसला नाही.
बोटं मुडपून खिडक्या मोजत राहिला,
अकरापर्यंत गेला, चुकला,
परत पहिल्यापासून.