वावर

नागपूरहून आलेली पोरगी
चप्पल अंगणात काढून
माझ्या खाटेखालच्या चटईवर बसली,
म्हणून तिला आधी माझे तळवेच दिसले असणार.
नऊ वर्षांत एक भेग नाही.

बावीस पानांचा गठ्ठा. वर छापलेलं:
कण्याच्या इजेनंतरचं आरोग्य आणि वावर.
चिमूरकडे वावर म्हटलं की शेत.
मी हसलो. तिला कळलं नाही, मग कळलं.

नळी कोण बदलतं? मागच्या महिन्यात ताप?
हे सोपं. पुस्तकला सगळं लिहिते
शाळेतून आणलेल्या जुन्या हजेरीपटात,
पोरांच्या नावांसमोर माझ्या नळीच्या तारखा,
आणि बुडावरची जखम, नाण्यांनी मोजलेली:
दिवाळीला दहाचं नाणं, होळीला रुपयाचं,
चैत्रात मुगाची डाळ.
पोरीनं त्या पानाचा फोटो काढला.
काकू, म्हणाली, हेच तर संशोधन.
पुस्तकला म्हणाली, मंग अर्धा पगार मलेबी द्या.

घराबाहेर किती वेळा पडता?
पडलो एकदाच, म्हटलं, जांभळावरून.

मग नीट सांगितलं.
रोज संध्याकाळी डाकराम खुर्ची ढकलतो,
समाजमंदिरापासून बोडीच्या पाळीपर्यंत.
पुढे धुरा लागतो, चाकांपेक्षा अरुंद.
तिथं तो थांबतो, बिडी पेटवतो
आणि माझंच वावर मला लांबून वाचून दाखवतो:
कोपऱ्यात पाणी साचलं,
मधल्या बांधीत करपा दिसते,
बगळे आले, तुह्याच बांधीत जास्त.
रकान्यात मीटर लिहायचे होते.
तिनं साडेतीनशे लिहिले.

एकोणिसावा प्रश्न तिनं इतरांसारखाच वाचला.
अपघातानंतर तुम्हाला कसं उचललं?
फळीवर. खाटेवर. हातपाय धरून. आठवत नाही.

आठवतं.
जांभळाची फांदी दगा देते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
मी चढलो तरी.
पडल्यावर डाव्या पायाची दोन बोटं हलत होती.
मी पाहिली. मातीत, जांभळं माखलेली,
हलत होती.
मग चौघं धावत आले,
मान लोंबकळली, आभाळ पायांकडे गेलं,
आणि ट्रॅक्टरपर्यंत पोचेस्तोवर
ती दोन बोटं निघून गेलेली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही,
डॉक्टरला नाही, पुस्तकलाला नाही.
म्हटलं, आठवत नाही. करा खूण.

दारात डाकराम उभा होता,
मागच्या चाकाची ट्यूब हातात.
केव्हापासून, कोण जाणे.

त्याले आठवत नसन, म्हणाला.
मी डोस्क्याकून धरलो होतो.
लिहा, फळी नव्हती.
मग म्हणाला, होती. गोठ्यात.
दहा पावलं. कोनालेच सुचली नाही.

पेन थांबलं.
नाव कुठंच येत नाही काका, पोरगी हळू म्हणाली,
फक्त क्रमांक.
डाकराम म्हणाला, लावा ना नाव.

पुस्तकलानं हजेरीपट मिटला.
खुंटीवरचा आरसा, तिचा माझी पाठ बघायचा,
वाऱ्यानं भिंतीवर दोनदा आपटला.
माझा उजवा पाय उगाच उडाला, उडतो तसा,
मला न विचारता,
आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

पोरीनं पान उलटलं.
विसावा प्रश्न झोपेचा होता.

डाकराम घमेल्यात पाणी घेऊन बसला,
ट्यूब फुगवून वीत वीत बुडवत,
छिद्र कुठं ते शोधत.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा.
बुडबुडे येत होते, त्याला दिसत नव्हते,
डोळ्यांत धूर गेला असेल बिडीचा,
पण बिडी तर त्यानं पेटवलीच नव्हती.

खाटेवरून मला दिसत होतं.
अंगठ्याखाली, म्हटलं.
तुह्या अंगठ्याखालीच आहे.
दाबून धर.